दहा जण जमले का?

दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. भारतात ज्यू लोकांचा कधीच छळ झाला नाही, दोन हजार वर्षं आपण त्यांना सांभाळलं, आणि खाली हात जोडलेले इमोजी. आता यात खोटं फारसं नाही (गोव्यात पोर्तुगीजांनी इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिश्चनांची सक्तीची धर्मचौकशी आणली आणि त्यात बाटून ख्रिश्चन झालेले ज्यूही भरडले गेले, पण ते पोर्तुगीजांच्या खात्यावर). पण मी अलिबागला इस्रायल आळीच्या, म्हणजे बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी ज्यूंच्या वस्तीच्या जवळ वाढले, त्यामुळे तो "आपण सांभाळलं" वाला सूर वाचला की मला जरा खटकतं. सांभाळलं म्हणजे नक्की काय केलं हो आपण? मला विचाराल तर आपण त्यांना एक जात दिली. बस्स.

आणि गंमत म्हणजे ते पुरलं. शेकडो वर्षं पुरलं.

गोष्ट सगळ्यांना थोडीफार माहीत असते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. कधी झालं यावर वाद आहेत, कोणी दोन हजार वर्षं म्हणतं, कोणी बरंच अलीकडे आणतं. नवगावला त्याचं स्मारक आहे, जाऊन बघता येतं. पोथ्या, ग्रंथ, सगळं समुद्रात गेलं असं म्हणतात. उरलं काय तर 'शेमा इस्रायल' या प्रार्थनेची ओळ, आठव्या दिवशी मुलाची सुनता, शनिवारी काम बंद, आणि खाण्यातले काही नियम. रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, हिब्रू नाही, सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर नाही. मग ही माणसं कुलाबा जिल्ह्यातल्या (आताच्या रायगडमधल्या) गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवायला लागली आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हणायला सुरुवात केली.

आता इथे बघा, गावाला यात काही विचित्र वाटलं असेल का? अजिबात नाही. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली होतेच की. यांचा शनिवार. प्रत्येक जातीचे आपापले खाण्याचे, लग्नाचे, विटाळाचे नियम, तसे यांचेही. कोणी विचारलं नाही की बाबांनो तुम्ही कोण, कुठल्या देवाचे, कागद दाखवा. गाव नाव देतं आणि त्याच नावाने तुम्ही राहता. आडनावंही गावांचीच, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर, केहीमकर. मला लहानपणी रोहेकर म्हटलं की हिंदू की इस्रायल हे कळायचंच नाही, पहिलं नाव ऐकल्यावर कळायचं.

म्हणून मी म्हणते की ते टिकले ते आपल्या औदार्यामुळे कमी आणि जातव्यवस्थेमुळे जास्त. हे म्हणायला कसंतरीच वाटतं, पण आहे ते आहे. ज्या गावात सगळेच आपापल्या जातीत लग्न करतात आणि दुसऱ्याच्या चुलीत डोकावत नाहीत, तिथे एक छोटा गट पिढ्यानपिढ्या वेगळा राहणं सोपं असतं. पण जात घेतली की तिचं सगळंच येतं ना. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल अशी फूट होती, काळे म्हणजे ज्यांच्या वंशात बाहेरची बाई आली असं मानलं जायचं ते, आणि या दोघांत बेटीव्यवहार नाही. विधवांची लग्नं नकोत, बीफ नको, हेही शेजाऱ्यांचं बघूनच आलं. आमच्या शेजारच्या मावशींना एकदा मी या गोऱ्या-काळ्याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते आमच्या आज्जीच्या वेळचं गं," आणि विषय बदलला. कुठल्याही कोकणी मावशीने जातीवरून विषय बदलावा तसाच बदलला.

मग दाविद राहबीची कथा. हा बाहेरून आलेला ज्यू, कधी आला यावरही एकमत नाही, पण कथा फार भारी आहे. त्याला संशय आला की हे लोक ज्यू असावेत, मग त्याने काय केलं, बायकांना वेगवेगळे मासे दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी ज्या माशांना खवले आणि पर आहेत तेवढे (ज्यूंच्या नियमात तेवढेच बसतात) घेतले आणि बाकीचे बाजूला काढले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. झालं, परीक्षा पास. कोकणात राहून कोळंबी आणि खेकडे बाजूला काढणं म्हणजे काय असतं हे ज्याला कळतं त्याला ही कथा खरी की खोटी याची फार पडलेली नसते. पुरावा मागायला आलेल्या पहिल्या माणसाला तो चुलीपाशी मिळाला, बायकांच्या हातात, आणि पुढे पुरावा मागणाऱ्यांनी मात्र बायकांना फार विचारलेलं दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात सगळं बदललं. आधीच मुंबईत आले होते हे लोक, कंपनीच्या पलटणीत. सॅम्युअल इझिकेल दिवेकर हा त्यातलाच, टिपूच्या कैदेत सापडला होता, आणि कथा अशी की टिपूच्या आईला बेने इस्रायल हे नाव कुराणातलं म्हणून ओळखीचं वाटलं आणि ते वाचले. सुटून आल्यावर त्याने 1796 साली मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, शारे रहमीम. त्या भागात सॅम्युअल स्ट्रीट आहे ती त्याच्याच नावाची. त्यानंतर कोचीनहून शिकवायला ज्यू आले आणि गंमत अशी की मिशनरीही आले. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे चौपाटीवर, त्यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. ख्रिश्चन करायला आलेल्यांनी यांना बायबल मराठीत दिलं, हिब्रू शिकवलं आणि यांनी ते शिकून घेतलं आणि आणखी पक्के ज्यू झाले. मिशनरी मंडळींच्या हिशोबात हे कुठे लिहिलं गेलं असेल देव जाणे.

आणि मग यांनी मराठीत जे काही छापलं ते एकदा बघाच. पेसाह म्हणजे वल्हांडण सणाला रात्री जेवताना जे वाचतात ते हगादा, ते मराठी भाषांतरासकट मुंबईत 1846 ला छापलेलं आहे. 1874 चं पुण्याचं हगादा तर चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. त्यात बिनखमिराच्या भाकऱ्या करण्याची चित्रं आहेत आणि त्या करणाऱ्या बायका नऊवारी नेसलेल्या, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाल्याची गोष्ट, आणि कणीक मळणारी बाई आपल्या पुण्याची. शिवाय कीर्तनं. अब्राहामाचं, योसेफाचं आख्यान, पूर्वरंग-उत्तररंगाच्या वळणाने, टाळ वगैरे. 1880 च्या सुमारास हे सुरू झालं आणि बराच काळ चाललं. सणांची नावंही अशीच घरची. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दार फळणीचा सण, त्या दिवशी दार लावून घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा. पुरीमच्या सुमाराला होळी येते म्हणून तो होळीचा सण, पुरणपोळीसकट. तिशा बआवचा उपास तो बिरड्याचा रोजा. हिंदू नाव, मुसलमान नाव, काहीही चालायचं.

आता मलिदा सांगते कारण तो मी खाल्लाय भरपूर. मैत्रिणीच्या घरी काहीही असलं, लग्न ठरलं, नवीन स्कूटर घेतली, कोणी आजारातून उठलं, की मलिदा. पोहे धुवून निथळत ठेवायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, काजू-बदाम-बेदाणे, हे सगळं परातीत हलक्या हाताने कालवायचं, हलक्या हाताने म्हणजे पोहा मोडता कामा नये, आणि मावशी आम्हाला हात लावू द्यायच्या नाहीत त्याचं कारण तेच. परातीत मध्ये मलिद्याचा ढीग, भोवती पाच फळं, केळी-खजूर-सफरचंद अशी, गुलाबाचं फूल, आणि वासासाठी सब्जाची डहाळी. डोक्यावर टोपी घातलेले पुरुष बसायचे आणि 'एलियाहू हनबी'चं गाणं म्हणायचे, सगळे एका सुरात नाही, प्रत्येकाचा आपला सूर. मग फळाचा वेगळा आशीर्वाद, सुवासाचा वेगळा, आणि नंतर वाटप. सोबत काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत. वाईनच्या जागी ते. आम्ही पोरं ते दोन-दोन ग्लास प्यायचो. एलियाहू प्रेषित अग्निरथातून स्वर्गात गेला तो आमच्या अलिबागजवळच्या खंडाळे गावावरून गेला असं हे लोक मानतात, तिथे खडकावर त्याच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाच्या खुणा दाखवतात. त्याला टापा म्हणतात, उरूसही भरतो. नवस बोलतात, फेडतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंकडे असं आहे असं मला तरी कोणी सांगितलेलं नाही.

बरं, याच मुंबईत बगदादहून आलेले ज्यूही होते. ससून मंडळी, पैसेवाले. ससून डॉक, ससून लायब्ररी, पुण्याचं लाल देऊळ, भायखळ्याचं मागेन डेव्हिड, सगळं त्यांचं. आणि त्यांना हे तेली, शिपाई, रेल्वेतले कारकून, मराठी बोलणारे काळे-सावळे लोक आपल्यातले वाटेनात. 1836 मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आमच्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत घाला. मेल्यावरही शेजार नको! प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात, दहा झाले नाहीत तर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही. तर त्या दहांत बगदादी लोक बेने इस्रायलांना धरायचे नाहीत. नऊ बगदादी आणि एक पेणकर असला तर ते दहा नाहीत. (बायका तर कोणीच धरायचं नाही, आणि जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये आजही धरत नाहीत. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत सुधारणावादी ज्यूइश रिलिजियस युनियन काढली ती उगाच नाही.)

म्हणजे बघा, ज्यू आहात का याचा पुरावा गावाने मागितला नाही, मागितला तो ज्यूंनीच.

इस्रायलमध्ये तर सरळ सरळ मागितला. 1948 नंतर हे लोक जायला लागले. त्यांना इथून कोणी घालवलं नव्हतं, पण ब्रिटिश गेले तशा रेल्वे-पोस्ट-कस्टममधल्या नोकऱ्यांची आधीची खात्री गेली, आणि शिवाय रोजच्या प्रार्थनेत यरुशलेम होतंच, आणि एक भाऊ गेला की दुसरा जातो. गेल्यावर वाळवंटातल्या नव्या गावांत टाकले, बिरशेबा, दिमोना, तिथे नोकरी-राहण्यात भेदभाव झाल्याच्या तक्रारी आल्या, 1951-52 मध्ये काही जण चक्क धरणं धरून बसले की आम्हाला परत भारतात पाठवा, आणि शे-दीडशे जणांना पाठवलंही. पुढे त्यातले बरेच पुन्हा इस्रायलला गेले, तेही आहे. पण खरा घाव बसला 1962 मध्ये. तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फतवा काढला की बेने इस्रायल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याच्या आईकडची वंशावळ जितकी मागे जाता येईल तितकी तपासा. का, तर इतकी शतकं यांना रब्बींचे घटस्फोटाचे नियम माहीत नव्हते, मग संतती नियमात बसते की नाही कोण जाणे. आता रोह्याच्या तेल्याने पणजीच्या आईचा कागद कुठून आणायचा? तेव्हा मंडळी रस्त्यावर उतरली, संप केले, 1964 च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये ठाण मांडून बसली, आणि त्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांना आणि संसदेला जाहीर करावं लागलं की हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. मग रब्बींनी फतव्यातून यांचं नाव काढलं. 2016 ला डीएनएचा अभ्यासही आला, मध्यपूर्वेतला अंश आहे आणि इथल्या लोकांचाही आहे, असा. पेपरात "अखेर सिद्ध झालं" असे मथळे होते. माझी मैत्रीण म्हणाली, "अखेर म्हणजे? आम्ही काय वेटिंग लिस्टवर होतो का?"

ती इस्रायलमध्ये अशदोदला असते. आई-वडिलांबरोबर गेली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. आता शनिवारी रात्री, शब्बाथ म्हणजे शनिवारचा काम बंदचा दिवस सुटला की, तिचा फोन येतो, आपल्याकडे तेव्हा बरीच रात्र झालेली असते. तिची मराठी अजून अलिबागचीच आहे, "गो" आणि "अगो बाय" सकट, मधे हिब्रू घुसते, विशेषतः बँक-दवाखाना-सरकारी काम आलं की. मुलांना मराठी कळते, बोलत नाहीत. भारतातून गेलेले ज्यू आणि त्यांची मुलंबाळं धरून तिकडे ऐंशी-पंच्याऐंशी हजार लोक आहेत म्हणतात, त्यात बहुसंख्य बेने इस्रायल, आणि इथे सगळ्या देशात मिळून चार-पाच हजार. तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं, महाराष्ट्र दिन होतो, क्रिकेटच्या टीम आहेत. इथे असताना ते इस्रायल होते, तिकडे ते होदी, म्हणजे इंडियन, झाले. मैत्रीण यावर हसते. तिचं म्हणणं, इथे शाळेत आम्ही इस्रायल म्हणून आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि तिथे इंडियन म्हणून सगळे करी कशी करतात विचारतात, दोन्ही परवडलं, फक्त आता कोणी पणजी विचारू नये.

इकडची परिस्थिती वेगळी. कोकणात रेवदंडा, पेण, पनवेल, अलिबाग, पोयनाड अशी सिनेगॉग आहेत, बहुतेक 1840 ते 1900 च्या दरम्यानची. रेवदंड्याचं 1842, अलिबागचं 1848, पनवेलचं 1849, पेणचं 1863. अलिबागचं पुढे 1910 ला नव्याने बांधलं. पण गावात घरं दोन-चार. ठाण्यात बरी वस्ती आहे, 1879 चं सिनेगॉग आहे, तिथे माणसं जमतात. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याआधी फॉर्मवर धर्माच्या रकान्यात 'इतर' असायचं. विचार करा, इतकी वर्षं इथे राहून 'इतर'. सांभाळलं वाल्यांनी जरा याचाही फॉरवर्ड करावा.

जात विरघळली की हे असं होतं बहुतेक. घाणे गेले, गावं सुटली, नोकऱ्या-फ्लॅट-पासपोर्ट आले, आणि मग ज्यू असणं आपोआप होईना, ते करावं लागतं. कोणीतरी ट्रस्टची मीटिंग बोलवायची, छपराला पैसे गोळा करायचे, कोशर म्हणजे धर्माच्या नियमाने कापलेल्या मटणासाठी शोहेत (ते कापणारा) कुठल्या दिवशी येणार ते ग्रुपवर टाकायचं, मनुका भिजवायच्या. पूर्वी हे सगळं आळी करून घ्यायची. आता चारदोन रिटायर्ड काका करतात, आणि खरं सांगायचं तर ते काका नसतील तेव्हा काय याचं उत्तर कोणाकडे नाही, मीटिंगमध्ये हा विषय निघाला की चहा येतो.

आता मैत्रीण हिवाळ्यात येतेय. मोठ्या मुलाचं लग्न झालं, सून मोरोक्कन ज्यू घरातली. त्यांच्याकडेही लग्नाआधी मेंदी असते, त्यामुळे मेंदी कोणाची आणि कुठल्या दिवशी यावरून तिकडे जे झालं ते मी फोनवर सविस्तर ऐकलंय, शेवटी दोन झाल्या. नवस होता खंडाळ्याचा, तो फेडायला सगळं कुटुंब येणार, मलिदा होणार, आणि तिला अलिबागच्या सिनेगॉगमध्ये तोरा वाचून घ्यायचीय, जिथे तिच्या वडिलांचं लग्न लागलं तिथे. म्हणजे दहा हवेत. त्यासाठी तिच्या चुलतभावाचे फोन सुरू झालेत. ठाण्याहून चार जण येतो म्हणालेत, टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं कोण देणार ते ठरायचंय. पोयनाडचे एक काका येतील पण गुडघे दुखतात, त्यांना घरून आणायला गाडी पाठवायची. अलिबागचे स्वतःचे दोन. ते सात. नवरा आणि मुलगा आठ-नऊ. मी विचारलं दहावा कोण, तर म्हणाली सुनेचे वडील येतायत ना, त्यांना धरलंय.